बारा मैलांच्या पलीकडे

हर्णै,
14 डिसेंबर

प्रिय दिल्या,

सौरभ नोकरी सोडतोय. सोडू दे, तरुण आहे, दुसरी मिळेल. पण सोडून काय करणार हे त्याने सांगितलं तेव्हा मला आधी तू आठवलास. आमच्या हिच्या कानावर घालण्याआधी तुला लिहायला बसलोय. फोनवर हे जमणार नाही, तू मध्येच बोलतोस.

माझी तब्येत बरी. साखर आटोक्यात आहे. तुझ्या गुडघ्याचं काय ठरलं?

तर बेत असा. तिघे मित्र, एक दुबईत, एक पनामात. कुठल्याच देशाच्या हद्दीत न येणारा तरंगता प्लॅटफॉर्म घ्यायचा, त्यावर सर्व्हर मांडायचे, कंपनीही तिथलीच दाखवायची. कर नाही, परवाना नाही, कुणाची नोटीस नाही. "बाबा, किनाऱ्यापासून बारा मैलांपुढे कायदा संपतो," म्हणाला. आणि भांडवलासाठी वाडी विकायची. हो, आबांची वाडी. तू लावलेल्या दोन हापूसच्या कलमांसकट.

बारा मैलांपुढे काय असतं ते जहाजावर राबलेल्या तुझ्यामाझ्याशिवाय त्याला कोण सांगणार, दिल्या?

त्याने मला सीलँडचे फोटो दाखवले. इंग्लंडच्या सफक किनाऱ्यापासून सातेक सागरी मैलांवर, महायुद्धात बांधलेला नौदलाचा बुरूज. काँक्रीटचे दोन पोकळ खांब आणि वर लोखंडी डेक. रॉय बेट्स नावाच्या माजी मेजरने तो बळकावला आणि 2 सप्टेंबर 1967 ला स्वतंत्र देश जाहीर केला. झेंडा, नाणी, पासपोर्ट, बायको राजकन्या. पुढच्या वर्षी सरकारी माणसं जवळ आली तेव्हा गोळ्या झाडल्या. खटला चेम्सफर्डच्या कोर्टात गेला आणि कोर्ट म्हणालं, तीन मैलांच्या बाहेर आहे, आमचा अधिकार चालत नाही. सौरभ हे सांगताना चमकत होता. तुझ्या डोळ्यांत अशी चमक मी एकदाच पाहिली होती, सेकंड इंजिनिअरची परीक्षा पास झालास तेव्हा. मग मेसमध्ये डाळ शिजवायला उभा राहिलास आणि आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांतली गेली.

मी म्हटलं, पुढचं सांग. 1987 मध्ये ब्रिटनने हद्द तीनवरून बारा मैलांवर नेली आणि बुरूज आपसूक आत आला. समुद्राच्या आंतरराष्ट्रीय कायद्यातलं 60 वं कलम तर सरळ सांगतं की माणसाने बांधलेल्या बेटाला बेटाचा दर्जा नाही, स्वतःची हद्द नाही. इटलीत रिमिनीसमोर रोझा नावाच्या इंजिनिअरने 1968 मध्ये खांबांवर असंच प्रजासत्ताक उभारलं होतं. इटलीने वर्षभरात सुरुंग लावून ते पाडलं. 2019 मध्ये फुकेतजवळ एका जोडप्याने तरंगतं घर बांधलं. त्यांचं म्हणणं, आम्ही बारा मैलांच्या बाहेर आहोत. थायलंडने सार्वभौमत्वाला धक्का म्हणून गुन्हा लावला, त्याला फाशीपर्यंत शिक्षा आहे. जोडपं पळालं, घर नौदलाने ओढून नेलं.

पण कायदा बाजूला ठेव. मला त्याहून जास्त छळतंय ते यंत्राचं. सर्व्हर ठेवायचा हाच धंदा सीलँडच्या बुरुजावर 2000 साली सुरू झाला होता, हेवनको नावाने. खूप गाजावाजा झाला. गिऱ्हाईक मूठभर मिळालं, तेही बहुतेक ऑनलाइन जुगारवाले. वीज डिझेल जनरेटरची. इंटरनेट शेवटी किनाऱ्यावरूनच यायचं, म्हणजे चावी किनाऱ्यावरच्याच हातात. त्यातला एक संस्थापक, रायन लॅकी, बेट्सच्या राजघराण्याशी बिनसून बाहेर पडला आणि 2003 मध्ये जाहीर भाषणात धंदा का बुडाला ते सांगून मोकळा झाला. 2008 पर्यंत सगळं बंद. ज्या राज्याच्या भरवशावर पळून आलात त्या राज्याशीच भांडण झालं, तर दाद कुणाकडे मागणार? आणि 2006 मध्ये बुरुजावर आग लागली ती कशाने? जनरेटरने. वरच्या माणसाला उचलायला हेलिकॉप्टर कुणाचं आलं? ब्रिटिश हवाई दलाचं.

सौरभला जनरेटर म्हणजे बटण वाटतं. तू आणि मी त्या खाऱ्या हवेत इंजेक्टर धुतलेत. रंग काढून पुन्हा लावेपर्यंत मागे गंज धरलेला असायचा. डिझेल बोटीतून आणा, लाट असली की होज लागत नाही. गोडं पाणी बनवा, त्यालाही डिझेल. आजारी माणूस उतरवायचा तर हवामानाची वाट पाहा. हे त्याच्या हिशेबाच्या तक्त्यात एका ओळीत आहे, "देखभाल" म्हणून.

आणि विमा! 2020 मध्ये काही मंडळींनी 1991 चं एक मोठं क्रूझ जहाज घेतलं. नाव ठेवलं सातोशी, पनामाच्या आखातात नांगरून त्यावर वस्ती करायची होती. केबिनचे लिलावही काढले. विमा द्यायला कुणी तयार होईना. डिसेंबर उजाडला आणि बेत रद्द, जहाज अलंगला भंगारात काढायची बोलणी. शेवटी दुसऱ्या क्रूझ कंपनीने घेतलं म्हणून वाचलं. पी अँड आय, म्हणजे नुकसानभरपाईचा विमा, नसलेल्या जहाजाला बंदरात कोण घेतं, हे तुला मी सांगायला नको.

हे सगळं ऐकून तो शांतपणे म्हणाला, "बाबा, तुम्ही घाबरता." त्या दिवसापासून झोप नाही.

दिल्या, मी त्याला आपलं ते जहाज कधी सांगितलंच नाही. तूही घरी सांगितलं नसशील. मालक एका देशातला, कंपनी दुसऱ्या देशातल्या टपालपेटीत, झेंडा तिसऱ्याचा, आणि आपण खाडीतल्या त्या अँकरेजला, नांगर टाकून पडलेले. पगार थांबला, मग एजंटने फोन उचलणं थांबवलं. इमर्जन्सी जनरेटर संध्याकाळी एक तास, तेवढ्यात फोन चार्ज करायचे आणि फ्रीजमधलं मांस हुंगून बघायचं. हॅचवर ताडपत्री ताणून पावसाचं पाणी धरलं होतं. त्याला रंगाचा वास यायचा, तरी मोजून प्यायलो. तू अर्ध्या पगारावर सही करायला निघालास, मी पेन हिसकावलं, आणि तू माझ्याशी बोलणं टाकलंस. मला आजही वाटतं मी बरोबर होतो. तुला तसं वाटत नाही हे माहीत आहे, त्यावर भेटलो की भांडू.

आपल्याला सोडवलं कुणी? युनियनचा माणूस, बंदराचा इन्स्पेक्टर, कोर्टाचा कागद. आज निदान नियम आहे: 2017 पासून मालकाला खलाशी वाऱ्यावर सोडल्यास चार महिन्यांपर्यंतचा पगार आणि घरी पोचवण्याच्या खर्चाची हमी आधीच ठेवावी लागते, ती जहाजावर लावून दाखवावी लागते. त्या अँकरेजला असं एक कागदाचं चिटोरं दिसलं असतं तर मी त्याला हळदकुंकू वाहिलं असतं! आणि माझा मुलगा ज्या जागी असा कागदच लागू नाही ती जागा शोधत निघालाय, वर तिथे कामाला चार पोरं ठेवणार. त्यांचा पगार थकला तर ती कुणाकडे जातील? हा प्रश्न मला त्याला विचारायचाय आणि माझ्या तोंडून तो "बाबा घाबरले" असाच ऐकू येईल.

तुझ्या तोंडून येणार नाही. दिलीपकाकाने पोहायला शिकवलं, हे तो अजून सांगतो.

तर 27 ला शनिवार आहे, तो येतोय. तू ये. वहिनींना आण. मेघाच्या घरचं बोलणं कुठवर आलं तेही कळेल, मुलगा चांगला वाटतो. येताना तुझी ती निळी डायरी आण, जहाजावरची. पाण्याचे, डिझेलचे आकडे तू रोज लिहायचास, मी चिडवायचो. सौरभला आकडे पटतात.

वाडीच्या कागदांवर मी अजून काही बोललेलो नाही. तू येईपर्यंत बोलत नाही.

तुझा,
सुधाकर

ता. क. खेडला उतरलात तर आधी कळव, रिक्षा पाठवतो. त्या गुडघ्यावर एसटीत उभा राहू नकोस.