बापाला इतक्या लवकर माफी?

संपादक साहेब, नमस्कार,

वर्षानुवर्षं गायब असलेला बाप शेवटच्या अंकात दारात उभा राहतो आणि मुलं दहा मिनिटांत त्याच्या गळ्यात पडतात, हे नाटकात आता बास झालं. परवा बालगंधर्वला असंच एक बघितलं, बापाचं काम करणारा नट जबरदस्त होता पण मुलीने एकदाही विचारलं नाही की आमची फी कोण भरत होतं, आईने घर कसं चालवलं, आणि आईला तर एक धड वाक्यसुद्धा नाही, नुसता चहा करत राहते! २००७ च्या कायद्याने म्हातारा बाप मुलांकडे निर्वाहखर्च मागू शकतो, ठीक आहे, पण माया अशी अर्ज करून मिळते का? स्वीकारू देत की मुलांनी, पण आधी त्यांना भांडू तरी द्या, तो सीन लेखकांनी लिहायलाच हवा.

– एक प्रेक्षक, कोथरूड, पुणे