दिवाळीच्या सजावटीवरील परिपत्रकाबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, गंगापूर रोड, नाशिक

दिनांक : ३ ऑक्टोबर २०२५

विषय : सजावटीबाबतच्या १ ऑक्टोबरच्या परिपत्रकाचा फेरविचार करण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

परवा बी विंगच्या फलकावर लागलेले परिपत्रक मी दोनदा वाचले. गॅलरीच्या ग्रिलबाहेर काहीही टांगायचे नाही, दिव्यांच्या माळा फक्त पांढऱ्या रंगाच्या लावायच्या, आवारात ‘माती-विटांचे ढिगारे’ करायचे नाहीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सगळी सजावट उतरवायची आणि हे न पाळणाऱ्यास ५०० रुपये दंड, असे त्यात म्हटले आहे. सजावटीला नियम असावेत याच मताचा मी आहे. परंतु जिथे खरा धोका आहे त्या जागेला हे परिपत्रक हात लावत नाही आणि जिथे धोका नाही तिथे मात्र आडवे येते, हे मला स्पष्टपणे लिहिणे भाग आहे.

गेल्या वर्षीचा प्रसंग आपल्या स्मरणात असेल. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरची सात वर्षांची मुलगी जिन्याच्या लोखंडी कठड्याला हात लावताच किंचाळली. मी सातपूरच्या एका कारखान्यात विद्युत पर्यवेक्षक म्हणून ३१ वर्षे काम केले आहे, त्यामुळे धावत खाली जाऊन आधी पार्किंगमधला मुख्य स्विच बंद केला आणि मग बॅटरीच्या उजेडात कठडा तपासला. जिन्यातली माळ कठड्यालाच गुंडाळलेली होती, दोन माळांचा जोड इन्सुलेशन टेपऐवजी साध्या चिकटपट्टीने बांधलेला होता आणि रांगोळीसाठी पायऱ्या धुतल्यामुळे त्या जोडातून पाणी ओघळत होते. चिकटपट्टी काढली तेव्हा आतली तांब्याची तार उघडी होती आणि कडेने काळी पडलेली होती. मुलगी थोडक्यात बचावली. ती माळ कुणा सभासदाची नव्हती; संस्थेने नेमलेल्या मंडपवाल्याने सामाईक मीटरवरून ती ओढली होती आणि त्या मीटरच्या बोर्डात गळती ओळखून वीज तोडणारे उपकरण आजही बसवलेले नाही. यंदाच्या परिपत्रकात या बोर्डाबद्दल किंवा मंडपवाल्याच्या कामाबद्दल एक शब्दही नाही, याचे मला फार वाईट वाटले.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की, वसुबारसेपूर्वी म्हणजे १७ ऑक्टोबरच्या आत सामाईक बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती ओळखून वीज तोडणारे हेच उपकरण) बसवावा, जिने, कठडे आणि लिफ्टच्या दारासमोरची जागा माळांपासून पूर्ण मोकळी ठेवावी, आणि उघड्यावरचा प्रत्येक जोड पाणी न शिरणाऱ्या डबीत असल्याशिवाय मंडपवाल्याचे बिल मंजूर करू नये. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने इमारतीतील आग प्रतिबंधक व्यवस्था सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक आणि भोगवटादारांवर टाकली आहे; जानेवारी आणि जुलैमध्ये प्रमाणपत्र दाखल केले म्हणजे ती संपत नाही. प्रवेशद्वारावर दरवर्षी उभी राहणारी थर्माकोलची कमानही यंदा नको, कारण सजावटीसाठी थर्माकोल वापरण्यास राज्यात मार्च २०१८ पासून बंदी आहे आणि ती संस्थेलाही लागू आहे.

आता आकाशकंदिलाविषयी. एलईडीचा दिवा लावलेला कंदील जेमतेम नऊ वॅट वीज घेतो आणि फारसा तापतही नाही. तो खाली पडू नये एवढीच चिंता असेल, तर दोन ठिकाणी पक्का बांधावा अशी अट घालता येईल. ‘ग्रिलबाहेर काहीही नको’ हा शब्दप्रयोग जसाच्या तसा पाळायचा म्हटला तर पाडव्याला गुढीही उभारता येणार नाही आणि ए विंगमधील कुटुंबाला नाताळचा तारा टांगता येणार नाही. समितीच्या मनात असे काही नसणार याची मला खात्री आहे, पण फलकावरचा अर्थ तोच होतो. कंदील उतरवण्याच्या तारखेचेही तसेच. आपल्याकडे अनेक घरांत तो त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत लावतात आणि ती यंदा ५ नोव्हेंबरला आहे. तोपर्यंत मुभा द्यावी. माळांच्या रंगाने कुणाचेही नुकसान होत नाही. रात्रभर उघडझाप करणाऱ्या दिव्यांनी समोरच्या घराची झोप मोडते हे मात्र खरे, म्हणून रात्री अकरानंतर त्या बंद ठेवाव्यात, असा नियम मला योग्य वाटतो.

परिपत्रकात ज्याला ‘ढिगारा’ म्हटले आहे तो मुलांचा किल्ला आहे. बोअरवेलशेजारच्या कोपऱ्यात मुले दरवर्षी विटा रचतात, वर गोणपाट टाकून चिखल लिंपतात, उतारावर मोहरी पेरतात आणि पहिल्या अंघोळीच्या दिवसापर्यंत ती बोटभर उगवते. यंदा त्यांना साल्हेर करायचा आहे. जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे १२ किल्ले गेले, त्यांत आपल्या नाशिक जिल्ह्यातील हा एकच आहे. १६७२ ची साल्हेरची लढाई मुलांनी तोंडपाठ केली आहे आणि शेजारच्या सालोटा किल्ल्याला जागा पुरेल का, यावर त्यांची रोज चर्चा चालू असते. हा कोपरा अग्निशमन बंबाच्या वाटेत येत नाही आणि पार्किंगच्या आखणीतही नाही. मी स्वतः टेपने मोजून पाहिले आहे. सणानंतर ती माती बागेच्या वाफ्यांत घालण्याची जबाबदारी मी घेतो.

दंडाबाबत एक गोष्ट नमूद करतो. १४ सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय नव्हता. सभासदांवर दंड बसवण्याचा निर्णय सर्वसाधारण सभेने घ्यायचा असतो आणि त्याआधी संबंधित सभासदाला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. समितीच्या परिपत्रकाने तो लागू होऊ शकत नाही. त्यामुळे दंडाचे कलम तूर्त मागे घ्यावे आणि दिवाळीनंतर विशेष सर्वसाधारण सभा बोलावून सर्व सणांना सारखी लागू होईल अशी नियमावली ठरवावी.

रविवार, १२ ऑक्टोबर रोजी सकाळी दहापासून मी पार्किंगमध्ये मेगर (तारांचे इन्सुलेशन तपासण्याचे यंत्र) आणि टेस्टर घेऊन बसेन. ज्यांना आपल्या माळा तपासून घ्यायच्या आहेत त्यांनी त्या आणाव्यात; मंडपवाल्यालाही त्याच वेळी बोलवावे. मुलांना किल्ल्यासाठी माती त्याच दिवशी आणायची आहे, त्यामुळे त्याबाबतचा निर्णय शनिवारपर्यंत कळवावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
सभासद, बी विंग