नाताळला घरी नाही, बाबा

पुणे
७ डिसेंबर, रविवार, रात्री साडेदहा

प्रिय आई, प्रिय बाबा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

आई, हे पत्र बाबांना सावकाश वाचून दाखव, चष्मा लावून. व्हिडिओ कॉल आता नकोसा वाटतो. गळ्यातली नळी मला दिसू नये म्हणून बाबा मान वळवतात, तू पदर आडवा धरतेस, आणि मी इकडे रेंज गेली असं खोटं सांगून फोन ठेवते. पत्रात निदान कुणाला तोंड लपवावं लागत नाही. शमुवेल मंगळवारी नागपूरला येतोय, त्याच्या हाती देते आहे.

मोठी गोष्ट आधीच सांगते, नाहीतर बाबा शेवटपर्यंत धास्तावून ऐकत राहतील. बाबा, हॉस्पिटलमधून सुट्टी झाली की तुम्हाला मोहननगरला घरी नेणार नाही. सहा आठवडे रिहॅब सेंटरमध्ये राहायचं आहे. खोली पाहिली, पसंत केली, पैसे भरले. नाताळ तिथेच होईल. तुम्हाला न विचारता ठरवलं. शुक्रवारी निघण्याआधी सांगणारच होते, पण तुम्ही पाटीवरच्या अक्षरांवर पापण्या मिटत मिटत ‘तारा’ असं दाखवलंत. गॅलरीतला तारा कोण लावणार, हेच विचारत होता ना? मग माझी जीभ उचललीच नाही. गाडीत बडनेऱ्यापर्यंत रडत आले.

आता कारणं ऐका. आपल्याला ३४ पायऱ्या आहेत. चौघं मिळून खुर्चीत बसवून वर नेऊ, असं शमुवेल म्हणत होता, आणि त्याने नेलंही असतं. पण पुन्हा खाली कोण आणणार, तपासणीला कसं न्यायचं? घरी फिजिओथेरपी दिवसातून एकदा, पाऊण तास. तिथे दोन वेळा, शिवाय गिळण्याचा आणि बोलण्याचा सराव वेगळा. रात्री कफ दाटला तर सक्शन करायला नर्स आहे. आपल्या मोरीला उंबरा आहे, संडास खाली बसायचा आहे. दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, आणि आई एकटीने ते करू शकणार नाही. ती ‘झेपतं मला’ म्हणेल. आजीच्या वेळीही हेच म्हणाली होती, आणि तेव्हापासून तिचा डावा गुडघा कसा आहे ते तुम्ही बघताच.

पैशाचा विचार मनात आणू नका. फ्लॅटसाठी ठेवलेले होते. फ्लॅट काय, पुढेही होईल.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते बाबांना त्यांच्या वीज बोर्डाच्या भाषेत सांगते. दिवाळीत पोट बिघडलं तेव्हा आपण चकलीच्या तेलाला दोष दिला. दोन आठवड्यांनी तळपायांना मुंग्या आल्या, मग चर्चच्या पायऱ्या चढवेनात, मग पेला हातात धरवेना. आतड्यातल्या जंतूंशी लढायला उठलेली शरीराची स्वतःची फौज नसांवर उलटली. जीबीएसमध्ये, म्हणजे तुमच्या या गिलियन-बारे सिंड्रोममध्ये, तेच होतं. नस म्हणजे तार, आणि तिच्यावरचं आवरण जळालं. करंट आहे, पण पुढे जात नाही. आवरण परत चढतं, काही आठवड्यांत, काही महिन्यांत. जिथे आतली तारच तुटली असेल तिथे मात्र ती रोज साधारण १ मिलिमीटर वाढते. कंबरेपासून पावलापर्यंतचं अंतर मोजा, म्हणजे घाई का करायची नाही ते तुम्हालाच कळेल. दहातले आठ जण सहा महिन्यांत आधाराशिवाय चालू लागतात, असंही ते म्हणाले. मी दोनदा विचारून घेतलं.

आणि आवाज. हे तुम्ही कुणालाच विचारलं नाहीत, पण मला माहीत आहे रात्री छताकडे बघत तुम्ही काय विचार करता. बाबा, नळी स्वरयंत्राच्या खाली आहे. हवा वरपर्यंत पोचतच नाही, म्हणून आवाज उमटत नाही. आवाज कुठे गेलेला नाही. या आठवड्यात नळीवर झडप लावून बघणार आहेत. पहिल्या दिवशी घोगरा येईल, थकवा येईल, म्हणून घाबरून गप्प बसू नका. रेव्हरंड टिळकांची भजनं तुमच्याशिवाय क्वायरमध्ये कुणाला खालच्या पट्टीत पेलतात? पाळकसाहेबांनी तुमची जागा कुणाला दिलेली नाही, मी विचारलं. रिकामी खुर्ची ठेवतात, तिच्यावर तुमची वही.

२९ नोव्हेंबरचं सांगू? आई तेव्हा खाली औषधं आणायला गेली होती. तुम्ही व्हेंटिलेटरवर होता, डोळे नीट मिटत नव्हते म्हणून नर्सने मलम घालून पट्टी लावली होती, नुकतीच काढलेली. मला एकदम तारीख आठवली. दरवर्षी तुम्ही सांगता ती गोष्ट मी तुमच्या कानात सांगायला लागले. १९७०, ऑल सेंट्स कॅथेड्रल, अकरा वर्षांचे तुम्ही आजोबांचं बोट धरून गर्दीत, आणि उत्तर भारताच्या मंडळीची, म्हणजे आपल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, स्थापना आपल्या नागपुरात. मी म्हटलं, “त्या दिवशी पाच मंडळ्या एक झाल्या.” खरंच चुकून म्हटलं. तुमच्या पापण्या फडफडायला लागल्या. मला वाटलं दुखतंय. सिस्टरला हाक मारली. मग पाटी धरली, आकडे एकेक करून दाखवले, आणि तुम्ही ‘सहा’वर डोळे मिटलेत. त्या रात्री मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

त्याच गोष्टीत तुम्ही नेहमी सांगता की बोलणी १९२९ ला सुरू झाली आणि एक व्हायला एकेचाळीस वर्षं लागली. एवढी वर्षं माणसं एका टेबलाशी बसत राहिली, उठून गेली नाहीत. मग माझे सहा आठवडे तुम्ही मान्य करा ना.

आता मला एक कबूल करायचं आहे, आणि ते तुमच्याशिवाय कुणाशी बोलता येत नाही. ज्या रात्री तुम्हाला व्हेंटिलेटर लावला त्या रात्री मला प्रार्थना सुचेना. तुम्ही मांडीवर बसवून शिकवलेली प्रभूची प्रार्थनाच म्हणत राहिले. पण ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ इथे आलं की तोंड बंद व्हायचं. त्याची इच्छा आपल्यापेक्षा वेगळी असली तर? मी ते वाक्य गाळून सरळ ‘आमची रोजची भाकर’वर जायची. चार रात्री असंच केलं. पाचव्या रात्री सलाइनच्या स्टँडवर त्या इम्युनोग्लोब्युलिनच्या बाटल्या टांगलेल्या होत्या. तुमच्या ७० किलो वजनाला रोज २८ ग्रॅम, पाच दिवस. सिस्टरने सहज सांगितलं की हे औषध रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून करतात, हजारो माणसांचा प्लाझ्मा एकत्र करून. मी त्या नळीकडे बघत राहिले. कोण असतील ती माणसं, कुठल्या गावची, कुठल्या धर्माची, त्यांना मोहननगरचे बाबा माहीतही नाहीत, आणि त्यांच्या शरीरातलं काहीतरी थेंबाथेंबाने तुमच्यात उतरत होतं. लहानपणापासून प्रभुभोजनाच्या वेळी ‘हे माझे शरीर, तुमच्यासाठी दिलेले’ असं जे ऐकत आले, ते मला त्या खुर्चीत बसून वेगळंच ऐकू आलं. मग ते वाक्य म्हटलं. आजही म्हणताना घसा दाटतो. पण गाळत नाही.

म्हणून मला कुणी सांगितलं की हॉस्पिटलवर भरवसा ठेवणं म्हणजे देवावर न ठेवणं, तर ते मला पटत नाही. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. तो भिंतीकडे तोंड करून रडला, देवाने ऐकलं, आणखी १५ वर्षं देतो म्हणाला. आणि लगेच यशयाने काय सांगितलं? अंजिरांची ढेप आणा आणि गळवावर बांधा. तुम्हीच हा धडा संडे स्कूलला शिकवायचात, अंजीर म्हणून वहीत वांगं काढायचात. प्रार्थना ऐकली गेली तरी ढेप बांधायचीच होती. मूर मेमोरियल हॉस्पिटलच्या ड्यूटीवर जाताना आजी कॅपला पिना लावत गुणगुणायची, तिला यात कधी काही विसंगत वाटलं नाही.

आई, पुढचा भाग आता मनातल्या मनात वाच.

रूथमावशीवर रागावू नकोस. तिला मी नाही सांगितलं आहे. चंगाई सभेला बाबांना स्ट्रेचरवर घालून नेणार नाही, आणि गोळ्याही बंद करणार नाही. ती वाईट मनाने बोलत नाही, तीन उपास केलेत तिने बाबांसाठी. पण ‘घरात विश्वास कमी पडतो’ असं ती तुला हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये म्हणाली, आणि तेव्हापासून तू रात्री झोपत नाहीस, हे मला शमुवेलने सांगितलं. आई, पौलाने तीनदा विनवणी केली तरी त्याच्या शरीरातला काटा निघाला नाही. पौलाचा विश्वास कमी होता का? तुझ्या हातून काही राहून गेलेलं नाही. तेहतीस दिवस तू त्या लोखंडी स्टुलावर बसून तेविसावं स्तोत्र म्हणते आहेस, यापेक्षा जास्त विश्वास कसा असतो ते मला तरी ठाऊक नाही. मावशीला येऊ दे, प्रार्थना करू दे, फक्त भेटीच्या वेळेत आणि हळू आवाजात. शेजारच्या कॉटवरचे काकाही आजारी आहेत.

इथून परत मोठ्याने वाच.

रिहॅबची खोली तळमजल्यावर आहे. खिडकीबाहेर कडुलिंब आहे आणि दुपारी ऊन थेट पलंगावर येतं, डिसेंबरच्या थंडीत बरं वाटेल. आईला वेगळी कॉट आहे, खरी गादीची, स्टूल नाही. कोपऱ्यात छोटी शेगडी वापरू देतात, तुझा आल्याचा चहा करता येईल. बाबांची घोंगडी, ती काळी, शमुवेल घरून आणून देईल. रेडिओ चालतो. कॅरलवाल्यांना मी विचारलं आहे, २३ तारखेला संध्याकाळी ते अंगणात येऊन गातील, तिथल्या मॅडमनी परवानगी दिली. आणि तारा त्या खिडकीला लागेल. माळ्यावरचाच, बांबूचा, तुमच्या हातचा. कागद फाटला असेल तर शमुवेल बर्डीवरून पतंगाचा कागद आणेल, लाल आणि पांढरा, दुसरा कुठला नाही. वायरिंग त्याने केल्यावर तुम्ही नजर टाका, त्याच्या जोडणीवर माझा भरवसा नाही.

मी २२ तारखेला सकाळी पोचते. दहा दिवस राहीन.

बाबा, आठवतं, मी सात वर्षांची असताना टायफॉइडमधून उठले आणि चालायला रडायची? तुम्ही मला स्कूटरवर पुढे उभं करून कामठी रोडला न्यायचात आणि खांब मोजायला लावायचात. मग परत येताना म्हणायचात, “आता या खांबापासून त्या खांबापर्यंत पायी.” एकच खांब. दुसऱ्या दिवशी दोन. मी चिडले की म्हणायचात, “काऊन घाई करून राहिली बेटा, तार कुठं पळून नाही चालली.” आता मी तेच तुम्हाला सांगणार आहे, आणि तुम्ही चिडलात तरी ऐकावं लागेल.

तर नीट ऐका. व्यायाम सांगतील तेवढाच. जिद्दीने जास्त करायचा नाही, थकलेली नस आणखी थकते. पावलाला लावलेली ती पट्टी रात्री काढून टाकायची नाही, बोचली तर नर्सला सांगायचं. आई, गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काहीही नाही. संत्र्याची फोडही नाही, रसाचा चमचाही नाही. संत्र्यांचा हंगाम आहे आणि तू मन मोडू शकत नाहीस, म्हणून मुद्दाम लिहिते. ते फुप्फुसात गेलं तर आपण पुन्हा महिनाभर मागे जाऊ. प्रभुभोजनही तपासणीनंतर, पाळकसाहेबांशी बोलणं झालं आहे. नाताळच्या करंज्या करू नकोस, विकत आण किंवा शेजारच्या काकूंना करू दे. तुझी शुगरची गोळी नाश्त्याआधी, विसरून दुपारी नाही. रविवारी शमुवेल बाबांजवळ बसेल आणि तू चर्चला जाशील. दोन तास बाहेर पडलीस म्हणून बाबांचं काही बिघडणार नाही.

खूप हुकूम सोडले. लांब बसून एवढंच करता येतं, आई.

बाबा, मला उत्तर हवं आहे. आईला पाटी धरायला सांगा, कितीही वेळ लागू दे, ती लिहून घेईल. रागावला असाल तर रागवा, पण एकेक अक्षर करून पूर्ण रागवा, मध्येच डोळे मिटून झोपेचं सोंग घेऊ नका. मी वाट बघते.

तुमची
मिनू

ता. क. पेटीवर जुनी चादर घालून ठेवली आहे आणि आत कापूर टाकला आहे, उंदीर जाणार नाहीत. किल्ली तुमच्या बायबलच्या पिशवीत आहे, पलंगाच्या उशाशी.