घरी बांधलेल्या विमानाला विजेचा एलेरॉन ट्रिम

संपादक महोदय,

हौशी विमानबांधणीवर लिहिताना इंजिनाचं कौतुक होतं, ट्रिम, म्हणजे स्टिक सतत दाबून धरावी लागू नये म्हणूनची सोय, मात्र राहून जाते. अमेरिकेतल्या व्हॅन्स आरव्ही-7 या घरी बांधायच्या विमानाच्या दोन पंखांत मिळून 42 गॅलन इंधन मावतं. एका टाकीत 30 लिटर कमी झालं की तो पंख सुमारे 22 किलोने हलका होतो आणि स्टिक (विमान वळवण्याची दांडी) सतत दाबून धरावी लागते. हात भरून येतो.

यावर रे अॅलन कंपनीचा छोटा सर्व्हो (विजेवर चालणारी छोटी मोटर-यंत्रणा) नंतरही बसवता येतो. तो दोन स्प्रिंगांनी स्टिकला हलकीशी ओढ देतो. पण आधी एलेरॉनची, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखांवरच्या झडपांची, जुळणी तपासा. मुळातला वाकडेपणा ट्रिमने झाकू नये.

सर्व्होला पाच वायरी असतात: दोन पांढऱ्या मोटरच्या, तीन ट्रिमची स्थिती दाखवणाऱ्या इंडिकेटरच्या. ट्रिमचं बटण डावीकडे दाबल्यावर स्टिक उजवीकडे सरकली, तर पांढऱ्या वायरींची अदलाबदल करा. स्वतंत्र फ्यूज हवाच.

खरी गडबड स्प्रिंगांत होते. स्टिक एका टोकाला नेली की एक स्प्रिंग ढिली पडते, हूक निसटतो आणि कुठेतरी अडकतो. म्हणून दोन्हींना सुरुवातीलाच थोडा ताण द्या आणि हुकांची तोंडं पूर्ण मिटवा. मग सर्व्हो दोन्ही टोकांना नेऊन, प्रत्येक वेळी स्टिक पूर्ण फिरवून बघा. बटण अडकून ट्रिम टोकाला गेला तरी एका हाताने विमान सरळ धरता आलंच पाहिजे. ही चाचणी आधी जमिनीवर, मग पुरेशा उंचीवर आणि कमी वेगात घ्यावी.

– एक वाचक