मित्रास पत्र : केसाहून बारीक फटीतलं गुरुत्वाकर्षण

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

'जादा मिती, म्हणजे लांबी-रुंदी-उंचीपलीकडच्या दिशा, असतील तर त्या दिसत का नाहीत?' हा तुझ्या अकरावीच्या मुलांचा प्रश्न पोचला. प्रश्न चांगला आहे, पण वर्गात तो जरा वळवून घे : त्या असत्या तर कोणत्या मोजमापात फरक पडला असता? असं विचारलंस की गोष्ट कल्पनेतून निघून थेट टेबलावर येते.

सुरुवात दोन प्रोटॉनपासून कर. त्यांच्यातलं विद्युत प्रतिकर्षण गुरुत्वाच्या ओढीपेक्षा सुमारे 10 चा 36 वा घात इतक्या पटींनी मोठं आहे. प्रोटॉन दूर ने, जवळ आण, हे गुणोत्तर हलत नाही, कारण दोन्ही बलं अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात आहेत. हा वर्ग येतो गोलाच्या पृष्ठफळातून. तीन मितींत अंतर दुप्पट झालं की पृष्ठफळ चौपट होतं, म्हणून बल पाव होतं. आणखी दोन मिती असत्या तर अंतर दुप्पट झाल्यावर बल सोळाव्या हिश्श्यावर आलं असतं. या जादा मिती ठरावीक आकाराच्या वेटोळ्यात मिटलेल्या असतील, तर त्या आकाराहून लहान अंतरावर बल चौथ्या घाताने बदलेल आणि मोठ्या अंतरावर पुन्हा आपला ओळखीचा वर्ग दिसेल.

1998 मध्ये निमा अर्कानी-हामेद, सावास दिमोपूलोस आणि जॉर्जी द्वाली या भौतिकशास्त्रज्ञांनी यातूनच धाडसी गणित मांडलं. गुरुत्व मुळात दुबळं नाहीच. ते जादा मितींत पसरतं म्हणून आपल्या वाट्याला पातळ येतं. पदार्थ, प्रकाश आणि बाकीची तिन्ही बलं मात्र तीन मितींच्या पापुद्र्यालाच चिकटलेली. हे मानावं लागतं, कारण विद्युतबल प्रोटॉनपेक्षा लहान अंतरापर्यंत तपासून झालं होतं आणि तिथे काही बिनसलेलं दिसलं नव्हतं. आता गुरुत्व मुळात बाकीच्या बलांच्या तोडीचं मानून जादा मिती एकच धरली तर तिचा आकार पृथ्वी-सूर्य अंतराएवढा निघतो. ग्रहांच्या कक्षा ते मुळीच चालू देणार नाहीत. दोन धरल्या तर आकार मिलिमीटरच्या दहाव्या भागापासून एका मिलिमीटरपर्यंत, तीन धरल्या तर नॅनोमीटरच्या आसपास. आणि त्या वेळी गुरुत्वाचा वर्गाचा नियम मिलिमीटरच्या खाली नीट तपासलेलाच नव्हता!

मुलांना घात बदलताना दाखवायचा असेल तर चार फुटी ट्यूबलाइट आणि मोबाइलमधलं लक्स मोजणारं ॲप पुरे. ट्यूबच्या बरोबर मध्यासमोर मोबाइल धर, सेन्सर ट्यूबकडे. 10 आणि 20 सेंटिमीटरवर वाचन घे : प्रकाश जवळजवळ निम्मा होईल. मग 2 आणि 4 मीटरवर घे : जवळजवळ पाव. जवळून ट्यूब ही लांबच लांब रेघ असते, दुरून ती ठिपका होते, आणि ट्यूबची लांबी हीच दोहोंमधली सीमा. दिशा मात्र उलट आहे, हे सांगायला विसरू नकोस : इथे जवळ उतार मंद आणि दूर तीव्र, जादा मितींत जवळ तीव्र आणि दूर मंद. प्रयोग फसतो तो पांढऱ्या भिंतींमुळे. त्यांच्यावरून परतलेला उजेड 4 मीटरचं वाचन फुगवतो. रात्री कर, मागे काळं कापड लाव, आणि ट्यूब विझवून आलेलं वाचन प्रत्येक आकड्यातून वजा कर.

खरा प्रयोग सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या एऑट-वॉश गटाचा. त्यांच्या 2007 च्या मांडणीत 20 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीच्या टंगस्टनच्या तारेवर मॉलिब्डेनमचं 1 मिलिमीटर जाड कडं टांगलेलं होतं, त्यात 42 भोकं. खाली तशीच भोकं पाडलेली तबकडी सावकाश फिरते. भोक म्हणजे नसलेलं वस्तुमान, त्यामुळे तबकडी फिरताना कड्याला आळीपाळीने पीळ बसतो. भोकांच्या दोन रांगा 21-21 च्या, म्हणून पीळही तबकडीच्या एका फेरीत 21 वेळा आणि त्याच्या पटींत येतो. मोटारीची धडधड मुख्यतः फेरीच्याच वारंवारतेवर असते, ती अशी वेगळी पडते. मला सगळ्यात देखणी वाटते ती तिसरी तबकडी. वरच्या तबकडीखाली जाड टँटलमची आणखी एक, तिची भोकं सरकवून पाडलेली. न्यूटनच्या गुरुत्वाचा पीळ ती जवळजवळ पुसून टाकते. पण फक्त अगदी जवळच पोचणारं नवं बल असेल, तर ते वरच्याच तबकडीचं जाणवेल आणि ते काही पुसलं जाणार नाही.

अडचण गुरुत्वाची नसून विजेची असते. सोन्याचा मुलामा दिलेल्या पृष्ठभागावरही ठिकठिकाणी विभव, म्हणजे विजेची पातळी, किंचित वेगळं असतं, आणि एवढ्या जवळून ते गुरुत्वाला सहज गिळतं. म्हणून मध्ये बेरिलियम-तांब्याचा 10 मायक्रॉनचा पडदा ढोलकीच्या पुडीसारखा ताणून बसवतात. ढिला पडला तर तोच थरथरतो. शिवाय फटीत धुळीचा एक कण अडकला तरी लोलक, म्हणजे ते टांगलेलं कडं, खाली नेता येत नाही. दोन पृष्ठभाग समांतर आहेत का, अंतर किती, हे त्यांच्यातली विद्युतधारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मोजून ठरवतात.

2007 मध्ये वर्गाचा नियम 55 मायक्रॉनपर्यंत तपासला गेला, 2020 मध्ये 52 पर्यंत. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा, त्यावरून अंदाज कर. बिघाड कुठेच नाही. 2020 च्या निकालानुसार सगळ्यात मोठ्या जादा मितीची त्रिज्या 30 मायक्रॉनपेक्षा कमीच असायला हवी. दोन मितींच्या बाबतीत याहून कडक पुरावा आकाशातून आला आहे : 1987 च्या अतिनवताऱ्याचे, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्याचे, न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण सुमारे दहा सेकंद येत राहिले. ऊर्जा जादा मितींत गळाली असती तर तो ओघ लवकर आटला असता. तरी टेबलावरचा प्रयोग मला अधिक भरवशाचा वाटतो, कारण ताऱ्याच्या गाभ्याचं तापमान आणि घनता आपण गणिताने मांडतो, इथे फट स्वतः मोजतो.

जादा मितीची कल्पना त्याआधीच मांडणाऱ्या थिओडोर कालुझा या गणितज्ञाचंही सांग. 1919 मध्ये त्याने आइन्स्टाइनला कळवलं की सापेक्षतेची समीकरणं पाच मितींत लिहिली की 15 घटक येतात : 10 गुरुत्वाचे, 4 विद्युतचुंबकत्वाचे, 1 उरतो. लेख छापला गेला 1921 मध्ये. पाचवी मिती मिटलेली असावी हे भौतिकशास्त्रज्ञ ऑस्कर क्लाइनने 1926 मध्ये मांडलं. तिथे विद्युतभार म्हणजे त्या वेटोळ्यावरचा संवेग, आणि वेटोळ्यावर लहरी पूर्ण संख्येनेच बसतात, म्हणून भारही ठरावीक पटींतच. त्या उरलेल्या एका घटकाने मात्र पुढे बराच त्रास दिला. त्याला जागच्या जागी धरून ठेवणारं काही त्या समीकरणांत नाही.

ट्यूबचे आकडे आले की पाठव. 50 सेंटिमीटर ते दीड मीटर या पट्ट्यात 10-10 सेंटिमीटरवर वाचनं घे, घात तिथेच वळतो.

तुझा,
प्रकाश