ताईला लायडनहून पत्र

लायडन, नेदरलँड्स

ती. सौ. ताई आणि ती. भावोजी यांस,
सा. नमस्कार.

आई सावंतवाडीहून डिचोलीला तुमच्याकडे आली हे बरं झालं. हे पत्र तिलाही वाचून दाखवा.

रक्तगट जुळूनही क्रॉसमॅच, म्हणजे तुझं रक्त दात्याच्या पेशींवर हल्ला करतं का ते बघणारी तपासणी, पॉझिटिव्ह आली, भावोजींची किडनी तुला चालणार नाही, हे कळल्यापासून मनात तेच घोळतंय. त्यात कुणीतरी तुला ऐकवलं, "नवऱ्याचीसुद्धा किडनी मानवत नाही!" ताई, हे मनाला लावून घेऊ नकोस.

शरीर आपलं-परकं ओळखतं ते सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए जनुकांमुळे. मुलाला ती अर्धी आईकडून, अर्धी बापाकडून मिळतात. तुझी तीन बाळंतपणं झाली. दर वेळी भावोजींकडून आलेला अर्धा भाग तुझ्या रक्ताला परका वाटला आणि त्याने अँटीबॉडी, म्हणजे परक्यावर हल्ला करणारी प्रथिनं, तयार केली. पुष्कळ बायकांत असं होतं. बाळाला सहसा त्रास होत नाही, पण अँटीबॉडी वर्षानुवर्षं टिकू शकतात. तशीच किडनी बसवली असती तर काही तासांत तिच्यात रक्त गोठून ती निकामी होण्याचा धोका होता.

मी राहतो त्याच या गावात डॉ. यॉन व्हान रोड यांनी 1958 मध्ये गरोदर बायकांच्या रक्तात या अँटीबॉडी दाखवल्या. अशाच सीरमवरून, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या पिवळसर पाण्यावरून, पुढे एचएलएचे प्रकार ओळखता आले, आणि 1967 मध्ये इथेच देशोदेशींच्या रुग्णांसाठी अवयव जुळवणारी युरोट्रान्सप्लांट सुरू झाली. तुझ्यासारख्या लेकुरवाळ्या बायकांच्या रक्तावर हे शास्त्र उभं राहिलंय, ताई.

आता माझी तपासणी करायची. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, अर्धं जुळण्याची चारात दोन. आईचं अर्धं जुळतंच, पण तिचं वय आणि साखर बघता तिने हट्ट धरू नये. मी चतुर्थीला येतोय, तेव्हा रक्त देतो. नाहीच जुळलं तर अशाच अडलेल्या दुसऱ्या जोडप्याशी दात्यांची अदलाबदल करता येते; 2011 च्या कायदादुरुस्तीने तशी मुभा दिली आहे. भावोजी, डॉक्टरांना त्याबद्दल आत्ताच विचारून ठेवा.

आणखी एक. हिमोग्लोबिन उतरलं म्हणून रक्त चढवायचं म्हणाले तर आधी किडनीच्या डॉक्टरांशी बोला. परक्या रक्तानेही नव्या अँटीबॉडी बनू शकतात. चढवावंच लागलं तर पांढऱ्या पेशी गाळलेलं मिळेल का, ते विचारा. क्रॉसमॅचच्या रिपोर्टाचे फोटो पाठवा, सगळी पानं.

मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बाळू