सॉफ्टवेअर बंद पडलं की लगेच फॉरमॅट कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या टेक्नॉलॉजीच्या पानावर दर वेळी नवीन मोबाईलच असतात, आम्हा फोटो स्टुडिओवाल्यांच्या रोजच्या तापाबद्दल कुणी दोन ओळी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. लग्नसराईत अल्बमचं काम अंगावर असतं, तीस-चाळीस फोटो एकदम सिलेक्ट करून एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधे ओढले की थोडे उघडतात, मग स्क्रीन पांढरी, नॉट रिस्पॉन्डिंग, आणि सगळं बंद. कॉम्प्युटरवाल्याचं उत्तर ठरलेलं, फॉरमॅट मारावा लागेल. पैसे जातात, मशीन अडकून पडतं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

अहो, जेपीजी म्हणजे दाबून बसवलेली फाईल. २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे २ कोटी ४० लाख ठिपक्यांचा (पिक्सेलचा) फोटो डिस्कवर ८-१० एमबी दिसतो, पण उघडला की मेमरीत पिक्सेलमागे ३ बाइट, म्हणजे ७२ एमबी. असे ४० म्हणजे जवळजवळ ३ जीबी, आणि हे नुसते उघडले तर, लेयर (एकावर एक ठेवलेले थर) आणि हिस्टरी (मागे जाता यावं म्हणून साठवलेल्या पायऱ्या) वेगळीच, रंग जास्त बारीक साठवणाऱ्या १६ बिटला तर डबल. १२ बाय ३६ इंचाचं अल्बमचं पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) एका लेयरचंच ११७ एमबीच्या आसपास जातं. ८ जीबी रॅममधे, म्हणजे चालू कामाच्या मेमरीत, विंडोज आणि ब्राउझर आधीच पाय पसरून बसलेले असतात, मग बाकीच्यांनी जायचं कुठे?

फॉरमॅटच्या आधी एवढं बघा. दर वेळी त्याच फोटोला बंद पडतंय का? तसं असेल तर ती फाईलच खराब आहे, कार्डवरून परत कॉपी करा. कुठल्याही फोटोला पडत असेल तर टास्क मॅनेजर उघडून मेमरी बघा, आणि सी ड्राइव्हवर जागा किती उरलीय तेही, कारण रॅम संपली की सॉफ्टवेअर स्क्रॅच डिस्कवर (डिस्कवरच्या तात्पुरत्या जागेत) लिहायला लागतं आणि ती बहुतेक सी वरच असते. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधे ती डी ला न्या, हिस्टरी ५० पायऱ्यांची २० करा, फोटो पाच-पाच उघडा. तरी पडलं तर त्याच सेटिंगमधली ग्राफिक्स प्रोसेसर वापरायची टिक काढून बघा.

अजून एक, बऱ्याच स्टुडिओत या सॉफ्टवेअरचं जुनं ३२ बिट व्हर्जन चालू आहे (ते कुठून आलं ते विचारू नका!), त्याला ४ जीबीच्या वर मेमरी वापरताच येत नाही, तुम्ही १६ ची रॅम टाका नाहीतर ३२ ची. हे रॅम विकणारा सांगत नाही. तुम्ही तरी एकदा सविस्तर छापा, सीझनच्या आधी.

– एक स्टुडिओवाला, बार्शी